संगणकाचा पडदा आणि त्याची जुळणी
(शाळेतील लिनक्स संगणकांविषयी उपयुक्त माहिती)

शाळेत संगणक येतो, काही दिवस चालतो आणि एके सकाळी कळ दाबूनही त्याचा पडदा काळाच राहतो. दोनतीन वेळा प्रयत्न होतात. मग यंत्रावर कापड पडते, डेडस्टॉक नोंदवहीत 'नादुरुस्त' असा शेरा लिहिला जातो आणि चौथीतील ज्या मुलाची पाळी दुसऱ्या दिवशी यावयाची असते त्याची पाळी येतच नाही. वास्तविक अशा यंत्रांपैकी कित्येक यंत्रे बिघडलेली नसतात. त्यांचे चित्र पडद्यापर्यंत नेणाऱ्या व्यवस्थेत कोठेतरी एक दुवा निसटलेला असतो, इतकेच. तो दुवा कोणता, हे ओळखण्याची रीत शिक्षकास माहीत असेल तर बरीचशी दुरुस्ती शाळेतच, एक पैसाही खर्च न होता, होऊ शकते. यास्तव या विषयाची प्राथमिक माहिती येथे दिली आहे. ती लिनक्स या विनामूल्य कार्यप्रणालीवर चालणाऱ्या संगणकांस लागू आहे.

१. पडद्यावर चित्र कसे उमटते

संगणकाच्या पडद्यावरील चित्र हे असंख्य सूक्ष्म ठिपक्यांचे बनलेले असते. या ठिपक्यास पिक्सेल म्हणतात. आडव्या ओळीत किती ठिपके आणि अशा ओळी किती, यावरून चित्राचे माप ठरते व त्या मापास रिझोल्यूशन असे नाव आहे. १३६६ × ७६८ असे माप असलेल्या पडद्यावर एकूण १०,४९,०८८ ठिपके असतात. प्रत्येक ठिपक्याचा रंग साठविण्यास सामान्यतः ४ बाइट जागा लागते. म्हणजे एका चित्रास ४१,९६,३५२ बाइट जागा हवी. हे चित्र बहुधा दर सेकंदास ६० वेळा पडद्याकडे पाठवावे लागते. एका सेकंदात सुमारे २५ कोटी १७ लक्ष बाइट इतक्या माहितीची ही ने-आण होय. सहावी-सातवीच्या मुलांस गुणाकाराचे उदाहरण म्हणून हे गणित अवश्य घालावे.

हे अवजड काम करणारा जो भाग, त्यास ग्राफिक्स कार्ड म्हणतात. शाळांतील साध्या संगणकांत हे कार्ड बहुधा वेगळे बसविलेले नसते. ते मुख्य प्रोसेसरमध्येच अंतर्भूत असते आणि संगणकाच्या स्मरणशक्तीचाच काही भाग वापरते. कार्डाशी बोलण्याची भाषा प्रत्येक कारखान्याची निराळी असते. ती भाषा जाणणारा दुभाषी म्हणजे ड्रायव्हर. इंटेल कंपनीच्या कार्डास 'आय ९१५', एएमडी कंपनीच्या नव्या कार्डास 'एएमडीजीपीयू' व जुन्या कार्डास 'रेडिऑन', तर एनव्हिडिया कंपनीच्या कार्डास 'नूवो' अथवा त्या कंपनीने स्वतः दिलेला ड्रायव्हर लागतो. योग्य दुभाषी न मिळाल्यास यंत्र एखाद्या सामान्य ड्रायव्हरवर काम भागविते. चित्र दिसते, परंतु ते पडद्याच्या मापाचे असेलच असे नाही.

ड्रायव्हरच्या वर चित्रव्यवस्थेचा कारभारी असतो. वर्गात फळा एकच असतो आणि त्यावर लिहू इच्छिणारी मुले अनेक असतात. कोणी कोठे लिहावे हे सांगणारा कोणीतरी लागतो. संगणकावरही एकाच पडद्यावर अनेक कार्यक्रम आपापल्या चौकटी मांडू पाहतात. त्या सर्वांच्या मागण्या घेऊन पडदा, कीबोर्ड व माऊस यांचा कारभार पाहणारा कार्यक्रम म्हणजे सर्व्हर होय. 'एक्स' नामक व्यवस्थेत हा सर्व्हर दूरच्या यंत्रावर नसतो. ज्याच्यासमोर मूल बसते त्याच यंत्रावर तो चालतो, हे ध्यानात घ्यावे.

२. या व्यवस्थेचा पूर्वेतिहास

शिक्षकांस विशेष वाटावे अशी गोष्ट ही की, या व्यवस्थेचा जन्म एका शैक्षणिक उपक्रमातच झाला. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेने १९८३ साली 'प्रोजेक्ट अथेना' हा उपक्रम हाती घेतला. विद्यार्थ्यांच्या अध्ययनात संगणकाचा सर्रास उपयोग व्हावा, हा त्याचा हेतू होता. त्यास डिजिटल व आयबीएम या कंपन्यांचे साह्य होते. दोन्ही कंपन्यांची यंत्रे भिन्न असल्यामुळे सर्वांवर सारखीच चालेल अशी चित्रव्यवस्था हवी होती. बॉब शाइफलर व जिम गेटिस यांनी १९८४ साली ती सिद्ध केली. तत्पूर्वी 'डब्ल्यू' नावाची एक व्यवस्था होती. म्हणून वर्णमालेतील पुढचे अक्षर घेऊन हिचे नाव 'एक्स' ठेविले गेले. सप्टेंबर १९८७ मध्ये तिची अकरावी आवृत्ती निघाली आणि ती आजही वापरात आहे.

पुढे १९९१ साली लिनस टोरवाल्ड्स यांनी लिनक्सचा आरंभ केला. युनिक्सच्या धर्तीवरील ही प्रणाली घरगुती संगणकांवर चालू लागली. अशा संगणकांकरिता 'एक्सफ्री८६' या नावाने एक्स व्यवस्था १९९२ पासून उपलब्ध झाली. २००४ साली परवान्याच्या अटींवरून मतभेद झाले व बहुतेक सर्वांनी 'एक्सऑर्ग' या शाखेचा स्वीकार केला. २००८ साली क्रिस्टियन ह्योग्सबर्ग यांनी 'वेलँड' या नव्या पद्धतीस प्रारंभ केला. अलीकडील अनेक लिनक्स प्रणालींत तीच आरंभापासून योजलेली असते. शाळेतील यंत्रावर या दोहोंपैकी कोणती व्यवस्था आहे हे आधी पाहून घ्यावे, कारण काही उपाय एकीस लागू पडतात व दुसरीस पडत नाहीत. ग्नोम पद्धतीच्या पडद्यावर सेटिंग्जमधील 'अबाउट' या पानावर ही माहिती मिळते.

३. मॉनिटर आपली ओळख कशी सांगतो

पूर्वी पडद्याची सर्व मापे एका संचिकेत हाताने लिहावी लागत. काचेच्या नळीच्या जुन्या मॉनिटरच्या काळात हे काम जोखमीचे होते. मॉनिटरच्या शक्तीबाहेरची गती लिहिली गेल्यास त्यातील मंडल जळण्याचीही भीती असे. आता मॉनिटरच आपली ओळख सांगतो. त्याच्या पोटात १२८ बाइटांचा एक लहानसा दाखला साठविलेला असतो. त्यास 'ईडीआयडी' म्हणतात. त्यात कारखान्याचे नाव, पडद्याची लांबी-रुंदी आणि मानवतील ती मापे नमूद असतात. मूल शाळेत दाखल होताना जन्मतारखेचा दाखला आणते, तसाच हा प्रकार आहे. संगणक सुरू होताच हा दाखला वाचला जातो आणि त्याप्रमाणे माप ठरते. लिनक्सच्या २.६.२९ या २००९ सालच्या आवृत्तीपासून हे माप ठरविण्याचे काम प्रणालीच्या गाभ्यातच होऊ लागले. प्रथम इंटेलची व नंतर इतर कंपन्यांची कार्डे या पद्धतीत आली.

परंतु दाखला वाटेतच हरवला तर? व्हीजीए केबलच्या टोकास १५ पिना असतात. त्यांपैकी १२ व १५ या क्रमांकांच्या पिनांवरून हा दाखला येतो. हलक्या प्रतीच्या केबलीत या तारा कित्येकदा घातलेल्याच नसतात. कधी पीन वाकलेली असते. एकाच संगणकास मॉनिटर व प्रोजेक्टर अशी दोन्ही उपकरणे जोडण्यासाठी जो विभाजक वापरतात, तोही काही वेळा हा दाखला अडवितो. दाखला न मिळाल्यास संगणक सावधपणे १०२४ × ७६८ हे माप धरून चालतो. याचा परिणाम वर्गात काय होतो तो पाहावा.

१३६६ × ७६८ मापाच्या पडद्यावर १०२४ × ७६८ मापाचे चित्र आले, म्हणजे पुष्कळ मॉनिटर ते आडवे ताणून सर्व पडदा भरतात. उंची तीच राहते आणि रुंदी सव्वापटीहून अधिक, जवळजवळ एक-तृतीयांशाने, वाढते. भूमितीच्या पाठात काढलेला ९ सेंटिमीटर बाजूचा चौरस पडद्यावर १२ सेंटिमीटर रुंद व ९ सेंटिमीटर उंच असा आयत दिसतो. वर्तुळ लंबगोल होते. शिक्षक तोंडाने 'चारही बाजू समान' असे सांगत असतात आणि मुलाचे डोळे त्यास निराळेच सांगत असतात. पट्टी घेऊन मोजणाऱ्या चौकस मुलास आपलेच काही चुकले असे वाटते. ही गोष्ट लहान समजू नये.

वाचनाचेही तेच. चित्रातील प्रत्येक ठिपक्यास पडद्यावरील एक पूर्ण व एक-तृतीयांश ठिपका व्यापावा लागतो. हे समान वाटप होणे शक्य नसल्यामुळे उभ्या रेघा काही जाड, काही पुसट होतात. देवनागरीत काना, वेलांटी व अक्षराचा दंड या सर्व उभ्याच रेघा. शिवाय अनुस्वार व रफार यांचे आकार मुळातच बारीक. नुकतेच वाचू लागलेले मूल अशा पडद्यावर अडखळते, आणि त्याचे वाचन कच्चे आहे असा शेरा मारला जाण्याचा संभव असतो.

४. तपासणीचा क्रम

(अ) प्रथम यंत्र जिवंत आहे की नाही हे पाहावे. कीबोर्डवरील 'कॅप्स लॉक' कळ दाबली असता लहान दिवा लागत व विझत असेल तर यंत्र चालू असून दोष चित्रव्यवस्थेत आहे, असे समजण्यास आधार मिळतो.

(आ) मॉनिटर काय म्हणतो ते वाचावे. 'नो सिग्नल' असे आल्यास केबल सैल आहे, अथवा मॉनिटरवर दुसरेच प्रवेशद्वार निवडलेले आहे. 'आउट ऑफ रेंज' असे आल्यास संगणक मॉनिटरला न मानवणारे माप पाठवीत आहे. पडदा उजळलेला पण रिकामा असल्यास संकेत पोहोचत आहे, परंतु त्यावर चित्र काढणारा कारभारी उठलेला नाही.

(इ) केबल दोन्ही टोकांनी काढून, पिना पाहून, पुन्हा घट्ट बसवावी. विभाजक असल्यास तो काढून मॉनिटर सरळ जोडून पाहावा. शक्य असल्यास दुसऱ्या यंत्राची केबल लावून पाहावी. कितीतरी प्रकरणे येथेच निकालात निघतात.

(ई) कार्ड व ड्रायव्हर पाहावा. टर्मिनल उघडून रोमन लिपीतील लहान अक्षरांत एल-एस-पी-सी-आय ही आज्ञा लिहावी, एक जागा सोडून आडवी रेघ व के हे अक्षर लिहावे. येणाऱ्या यादीत 'व्हीजीए कंपॅटिबल कंट्रोलर' या ओळीवर कार्डाचे नाव असते व त्याखाली 'कर्नल ड्रायव्हर इन यूज' या शब्दांपुढे ड्रायव्हरचे नाव येते. ते नाव तेथे नसेल तर योग्य दुभाषी कामावर नाही.

(उ) माप पाहावे. एक्स व्यवस्थेत एक्स-आर-ए-एन-डी-आर ही आज्ञा दिली असता जोडलेल्या पडद्याचे नाव, उदाहरणार्थ 'व्हीजीए-१' वा 'एचडीएमआय-१', आणि उपलब्ध मापांची यादी येते. ज्या मापापुढे तारांकित खूण असते ते सध्या चालू आहे व ज्यापुढे अधिकचे चिन्ह असते ते मॉनिटरने स्वतः पसंत केलेले आहे. दोन्ही खुणा एकाच ओळीत असाव्यात. त्या निरनिराळ्या ओळींत असल्यास सेटिंग्जमधील 'डिस्प्ले' या पानावर जाऊन पसंतीचे माप निवडावे. वेलँड असल्यासही हेच पान वापरावे.

५. माप हाताने सांगण्याची रीत

केबल बदलणे शक्य नसेल आणि हवे ते माप यादीत नसेल, तर एक्स व्यवस्थेस ते हाताने सांगता येते. त्यासाठी सी-व्ही-टी या आज्ञेपुढे रुंदी, उंची व दर सेकंदाची आवर्तने लिहावी. १०२४, ७६८ व ६० असे आकडे दिल्यास उत्तरादाखल 'मोडलाइन' या शब्दाने आरंभ होणारी एक ओळ मिळते. त्यात ६३.५० हा आकडा व त्यापुढे आडव्या मापाचे चार व उभ्या मापाचे चार आकडे असतात. आडव्यांतील शेवटचा १३२८ व उभ्यांतील शेवटचा ७९८ असतो. चित्र १०२४ ठिपक्यांचे असता हिशेब १३२८ ठिपक्यांचा का? काचेच्या नळीत इलेक्ट्रॉनांचा झोत एक ओळ रेखून पुन्हा डावीकडे परतण्यास वेळ घेई. लिहिताना ओळ संपल्यावर हात मागे न्यावा लागतो, तसेच हे. नळी गेली तरी परतीच्या वेळेचा हिशेब उरला आहे. १३२८ × ७९८ म्हणजे १०,५९,७४४, आणि ६३.५० म्हणजे दर सेकंदास ६ कोटी ३५ लक्ष ठिपके. भागाकार केल्यास सुमारे ५९.९२ येतात. ६० आवर्तनांची मागणी अशी पूर्ण होते.

ही ओळ तीन पायऱ्यांनी लागू करावी. एक्सरँडआर आज्ञेस 'न्यूमोड' या शब्दाने, 'मोडलाइन' हा शब्द वगळून, ती ओळ द्यावी. नंतर 'अ‍ॅडमोड' या शब्दाने पडद्याचे नाव व मापाचे नाव यांची गाठ घालावी. शेवटी 'आउटपुट' व 'मोड' या शब्दांनी ते माप चालू करावे. या चारही शब्दांपूर्वी दोन आडव्या रेघा लिहावयाच्या असतात. हा बदल यंत्र बंद होताच नाहीसा होतो. प्रथम प्रयोगास ही सोयीचीच गोष्ट आहे, कारण चुकल्यास यंत्र पुन्हा सुरू करताच सर्व पूर्ववत होते.

प्रयोग यशस्वी झाल्यावर तो कायम करण्यासाठी ईटीसी या मुख्य कप्प्यातील 'एक्स११' या उपकप्प्यात 'एक्सऑर्ग डॉट कॉन्फ डॉट डी' नावाचा कप्पा असतो, तो नसल्यास निर्माण करावा व त्यात एक छोटी संचिका ठेवावी. तिच्या नावाचा शेवट 'डॉट कॉन्फ' असा असावा. तीत 'मॉनिटर' विभाग उघडून 'आयडेंटिफायर' म्हणून पडद्याचे तेच नाव, त्याखाली मोडलाइनची संपूर्ण ओळ व 'प्रिफर्डमोड' हा पर्याय लिहून विभाग बंद करावा. यास व्यवस्थापकाचा पासवर्ड लागतो.

६. पडदा काळाच राहिल्यास

कंट्रोल, ऑल्ट व एफ-३ या तीन कळा एकदम दाबाव्यात. बहुधा केवळ अक्षरांचा साधा पडदा येतो व तेथे नाव आणि पासवर्ड देऊन आत जाता येते. तोही न आल्यास यंत्र पुन्हा सुरू करून ग्रब नामक आरंभीच्या यादीवर ई हे अक्षर दाबावे. 'लिनक्स' या शब्दाने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी एक जागा सोडून एन-ओ-एम-ओ-डी-ई-एस-ई-टी हा एकच शब्द लिहावा आणि एफ-१० दाबावे. त्यायोगे कार्डाचा खास ड्रायव्हर माप ठरविण्याच्या भानगडीत न पडता साधे चित्र येते. हा उपाय त्या एका वेळेपुरताच असतो. तेवढ्या अवधीत मूळ दोष शोधावा.

दोष शोधण्याचे उत्तम साधन म्हणजे एक्स सर्व्हरची स्वतःची रोजनिशी. तिचे नाव 'एक्सऑर्ग डॉट शून्य डॉट लॉग' असे असून ती व्हीएआर कप्प्यातील 'लॉग' या उपकप्प्यात, अथवा नव्या प्रणालींत वापरणाऱ्याच्या स्वतःच्या कप्प्यात असते. तीत शेकडो ओळी असतात. त्या सर्व वाचण्याची गरज नाही. ज्या ओळीच्या आरंभी कंसात दोन ई असतील ती चूक, दोन डब्ल्यू असतील ती सूचना आणि दोन आय असतील ती केवळ माहिती. दोन ई असलेल्या ओळी वहीत उतरून घ्याव्यात. जाणकारास दूरध्वनीवर 'पडदा लागत नाही' असे सांगण्यापेक्षा ती एक ओळ वाचून दाखविणे शतपट उपयोगी ठरते.

नेहमीची कारणे थोडीच आहेत. दुसऱ्या यंत्रावरून आणलेली जुनी 'एक्सऑर्ग डॉट कॉन्फ' संचिका तशीच राहून गेलेली असते. तिचे नाव बदलून ठेवल्यास यंत्र स्वतः ओळख करून घेते. कधी प्रणाली अद्ययावत केल्यावर एनव्हिडिया कंपनीचा ड्रायव्हर नव्या गाभ्याशी जुळत नाही. तेव्हा ग्रबच्या यादीतून आधीचा गाभा निवडून काम चालू ठेवावे व प्रणालीच्या भांडारातूनच ड्रायव्हर पुन्हा बसवावा.

७. काही पथ्ये

कोणतीही संचिका बदलण्यापूर्वी तिची प्रत काढून ठेवावी. एका वेळी एकच बदल करावा व त्याचा परिणाम पाहूनच दुसरा करावा. अक्षरे लहान दिसतात म्हणून रिझोल्यूशन कमी करू नये, कारण त्यामुळे अक्षरे मोठी होतात परंतु अस्पष्टही होतात. त्याऐवजी अक्षरांचे माप वाढवावे. प्रोजेक्टर लावताना मॉनिटर व प्रोजेक्टर यांवर एकच चित्र हवे असल्यास प्रोजेक्टरचे मूळ माप निवडावे, कारण वर्ग तिकडेच पाहत असतो. माप लावल्यावर पडद्यावर एक चौरस काढून त्याच्या दोन बाजू पट्टीने मोजाव्यात. हे काम मुलांकडूनच करवून घ्यावे.

प्रत्येक यंत्रासाठी वहीचे एक पान राखावे. त्यावर कार्डाचे नाव, ड्रायव्हरचे नाव, पडद्याचे मूळ माप, केबलीचा प्रकार आणि केलेला प्रत्येक बदल तारखेसह लिहावा. शिक्षकाची बदली होते, यंत्र तेथेच राहते. नवा शिक्षक आला असता हे एक पान त्यास कित्येक दिवसांचा शोध वाचवील.

'नादुरुस्त' हा शेरा लिहिण्यापूर्वी वरील क्रमाने एकवार तपासणी व्हावी, एवढीच अपेक्षा आहे. ती करूनही पडदा उजळला नाही तर यंत्र खरोखरच दुरुस्तीस पाठवावे, त्यात कमीपणा नाही. मात्र पाठविताना सोबत वहीतील पान जोडावे, आणि ज्या मुलाची पाळी हुकली असेल त्याचे नाव यंत्र परत येईल त्या दिवशी पहिल्याने पुकारावे.